आधीच शूट झालेला खेळ: एफएमव्ही गेम्सची पार्श्वभूमी

गेल्या दहाएक वर्षांत खरे कलाकार, खरे सेट आणि कॅमेऱ्याने शूट केलेले सीन असलेले गेम परत यायला लागलेत, आणि नव्याने खेळणाऱ्यांना हा काहीतरी ताजा प्रकार वाटतो. तो ताजा नाहीये. फुल मोशन व्हिडिओ, म्हणजे एफएमव्ही, १९८३ मध्ये एकदा उसळला आणि थोड्याच काळात बसला, मग १९९२ नंतर परत उसळला आणि दशक संपायच्या आत परत बसला. दोन्ही वेळचं कारण म्हणून आज लोक एकच गोष्ट सांगतात, ॲक्टिंग भिकार आणि चित्र धूसर. मला हे अजिबात पटत नाही, कारण वाईट ॲक्टिंग असलेले गेम लोकांनी प्रेमाने खेळलेत आणि चित्र तर १९८३ च्या ड्रॅगन्स लेअर या गेमचं अप्रतिम होतं. खरी अडचण वेगळीच आहे, शूट केलेला सीन खेळणारा यायच्या आधीच पूर्ण झालेला असतो, आपण काहीही केलं तरी तो आधी ठरलेलंच उत्तर देतो. ज्यांनी ही अडचण लपवायचा प्रयत्न केला ते बहुतेक फसले आणि ज्यांनी तिलाच खेळ बनवलं ते टिकले.

सुरुवात गेमपासून नाहीच. १९६७ मध्ये माँट्रियलच्या एक्स्पोत, म्हणजे जागतिक प्रदर्शनात, चेकोस्लोव्हाकियाच्या पॅव्हेलियनमध्ये रादुझ चिन्चेरा यांनी किनोऑटोमॅट नावाचा प्रयोग दाखवला. सिनेमा मध्येच थांबायचा, निवेदक स्टेजवर यायचा आणि प्रेक्षक खुर्चीजवळची बटणं दाबून पुढे काय व्हावं त्यावर मत द्यायचे. आतली गोष्ट अशी की कुठलंही बटण जिंकलं तरी दोन्ही वाटा फिरून पुढच्या त्याच प्रश्नावर यायच्या. याला फसवणूक म्हणावंसं वाटेल पण जरा हिशोब करून बघा. दर वळणावर दोन पर्याय, असे दहा वळण, आणि प्रत्येक पर्यायाचा सीन फक्त एक मिनिटाचा धरला तर सगळं शूट करायला २,०४६ मिनिटं होतात, म्हणजे चौतीस तासांचं फुटेज, आणि एका वेळेला खेळणारा त्यातली बघणार दहा मिनिटं! एवढा खर्च कोणीच करू शकत नाही, म्हणून वाटा परत एकत्र आणाव्याच लागतात, आणि एकदा खेळणाऱ्याला कळलं की काहीही निवडलं तरी तिथेच यायचंय की त्याचा निवडण्यातला जीवच जातो. हा पेच १९६७ पासून आजपर्यंत तसाच आहे.

नंतर १९७४ मध्ये निन्टेन्डोने वाइल्ड गनमॅन काढलं, १६ एमएम फिल्मचा प्रोजेक्टर आणि समोर बंदूक उपसणारा खराखुरा माणूस, वेळेत गोळी मारली तर तो पडतो, नाहीतर तुम्ही. पण जगभर वेड लागलं ते लेझरडिस्कमुळे, म्हणजे व्हिडिओ साठवणाऱ्या मोठ्या चकतीमुळे.

जून १९८३ मध्ये अमेरिकेतल्या आर्केड्समध्ये, म्हणजे नाणी टाकून गेम खेळायच्या ठिकाणी, सिनेमॅट्रॉनिक्स कंपनीचं ड्रॅगन्स लेअर आलं. कल्पना रिक डायरची आणि ॲनिमेशन डिस्नी सोडून बाहेर पडलेल्या डॉन ब्लूथचं. आजूबाजूच्या मशीनवर चौकोनी ठिपके हलतायत आणि इथे सिनेमाच्या दर्जाचं, हाताने काढलेलं कार्टून, त्यामुळे एका खेळाचे ५० सेंट असूनही, म्हणजे बाकी मशीनच्या दुप्पट, लोक गर्दी करून उभे राहायचे. डिस्कच्या एका बाजूवर अर्ध्या तासाचं चित्र, ५४,००० फ्रेम, प्रत्येक फ्रेमला स्वतःचा नंबर, म्हणून आतला कॉम्प्युटर डिस्क चालवणाऱ्या प्लेअरला सांगू शकायचा की अमुक नंबरवर उडी मार. खेळायचं काय, तर डर्क नावाचा योद्धा किल्ल्यात धावतोय, पायाखालची फरशी खचते, बाजूला काहीतरी क्षणभर चमकतं, तेवढ्यात जॉयस्टिक तिकडे ढकलायची किंवा तलवारीचं बटण दाबायचं. जमलं तर सीन पुढे सरकतो, चुकलं तर डर्कचा सांगाडा होतो, आणि मध्ये प्लेअर पुढची जागा शोधत असताना पडदा क्षणभर काळा. सगळं फुटेज मिळून बावीसएक मिनिटांचं! कुठे काय दाबायचं हे पाठ झालं की संपलं, त्यानंतर मशीनकडे देण्यासारखं काही उरायचं नाही. त्यात हे प्लेअर पहिल्यापासून शेवटपर्यंत एक सलग कार्यक्रम दाखवायला बनवलेले, दिवसभर इकडून तिकडे उड्या मारायला नाही, त्यामुळे ते सतत बंद पडायचे आणि आर्केडवाले वैतागायचे. पाठोपाठ लेझरडिस्कचे बरेच गेम आले, एकात तर तयार जपानी ॲनिमेशन फिल्मचे तुकडेच वापरले होते, पण १९८४ संपेपर्यंत लाट ओसरलेली होती.

मधल्या काळात जे झालं ते मला या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीसाठी टॉम झिटो आणि त्याची टीम निमो नावाचं मशीन बनवत होती, जे गेम चालवणार होतं साध्या व्हीएचएस टेपवरून. आता टेपवर उडी मारता येत नाही, ती आपली सरळ पुढे जाते. मग त्यांनी एकाच टेपवर अनेक व्हिडिओ एकमेकांत गुंफून ठेवले, टेप चालूच राहणार, खेळणारा फक्त कुठला व्हिडिओ दिसावा ते बदलणार. या मर्यादेतूनच १९८७ मध्ये शूट झालेला नाइट ट्रॅप जन्मला. एका घरात मुली जमल्यात, घरात आठ ठिकाणी कॅमेरे आहेत, आणि तुम्ही दुरून त्या कॅमेऱ्यांवर नजर ठेवून आत घुसणाऱ्या लोकांना सापळ्यात पकडायचंय. सगळ्या खोल्यांमध्ये एकाच वेळी काही ना काही चालू असतं. दिवाणखान्यात मुली महत्त्वाचं काहीतरी बोलतायत आणि तुम्ही ते ऐकत बसलात तर तेवढ्यात बाथरूममधून दोघं निसटतात, मोजणी घसरते, ठरलेल्यापेक्षा जास्त निसटले की खेळ संपतो. त्यात सापळ्यांचा कलर कोड घरातले लोक मध्येच बदलतात आणि नवीन रंग कळायला संवाद ऐकावाच लागतो. म्हणजे जिंकायचं तर गोष्ट सोडायची आणि गोष्ट बघायची तर हरायचं. खूप लोकांनी याला दोष म्हटलंय आणि खेळताना चिडचिड होतेच, पण विचार करा, इथे व्हिडिओ तुमच्यासाठी थांबत नाही आणि थांबण्याचं नाटकही करत नाही. तुम्ही कॅमेऱ्याच्या मागे आहात, रेकॉर्डिंग आपल्या गतीने चाललंय, आणि कुठे बघायचं एवढंच तुमच्या हातात आहे. व्हिडिओला जे खरंच करता येतं तेच त्याच्याकडून करून घेतलेलं. अर्धी कल्पना तिथेच सापडली होती!

पण मशीन महाग पडायला लागलं आणि हॅस्ब्रोने १९८९ मध्ये तो प्रकल्पच बंद केला. झिटोने फुटेजचे हक्क विकत घेतले, १९९१ मध्ये डिजिटल पिक्चर्स ही कंपनी काढली आणि १९९२ मध्ये सेगा सीडी हे सीडीवरून गेम चालवणारं मशीन अमेरिकेत आलं तेव्हा नाइट ट्रॅप आणि सुअर शार्क हे दोन्ही पाच वर्षं जुन्या शूटिंगचे गेम नवीन म्हणून बाजारात आले.

आता चित्र धूसर का होतं ते. समजा ३२० बाय २४० ठिपक्यांचं छोटंसं चित्र आहे, प्रत्येक ठिपक्याला एक बाइट आणि सेकंदाला फक्त १५ चित्रं, तरी सेकंदाला साडेअकरा लाख बाइट लागतात, आणि त्या काळचा सीडी ड्राइव्ह सेकंदाला साधारण दीड लाख बाइट द्यायचा, आवाजासकट. मग चित्र लहान करा, कॉम्प्रेस करा, फ्रेम कमी करा. सेगाच्या मशीनला तर एका वेळी ६४ रंगच दाखवता यायचे, त्यामुळे चेहऱ्यावर सावलीच्या जागी दाणे दिसायचे. ज्यांनी शूट केलं त्यांचा यात दोष नव्हता.

डिसेंबर १९९३ मध्ये अमेरिकन सिनेटमध्ये जो लिबरमन आणि हर्ब कोल यांनी गेममधल्या हिंसेवर सुनावणी घेतली, त्यात मॉर्टल कॉम्बॅट या मारामारीच्या गेमसोबत नाइट ट्रॅपला झोडपलं. मुलींवर हल्ला करायचा गेम असं चित्र उभं राहिलं, खरं तर त्यात मुलींना वाचवायचं असतं, पण व्हायचं ते झालंच, मोठ्या दुकानांनी गेम शेल्फवरून काढला आणि पुढच्या वर्षी ईएसआरबी हे वयानुसार रेटिंग देणारं मंडळ आलं. माझ्या मते हा वाद ठिपक्यांच्या माणसांवर इतका पेटला नसता. खरा माणूस दिसला की बघणाऱ्याला वेगळंच वाटतं, आणि एफएमव्हीचं सगळं आकर्षण तेच आहे. त्या काळच्या ग्राफिक्सला भुवई उचलता येत नव्हती, ओठ चावता येत नव्हते, आणि व्हिडिओत ते सगळं आपोआप यायचं.

त्या चेहऱ्यासाठी पुढची तीन-चार वर्षं पैसा पाण्यासारखा ओतला गेला. १९९३ चं द सेव्हन्थ गेस्ट दोन सीडीवर आलं आणि ते खेळायला लोकांनी सीडी ड्राइव्ह विकत घेतले. १९९४ मध्ये विंग कमांडर ३ मध्ये स्टार वॉर्सवाला मार्क हॅमिल, १९९५ मध्ये रॉबर्टा विल्यम्सचं फँटसमॅगोरिया सात सीडींचं, आणि विंग कमांडर ४ पर्यंत बजेट एक कोटी डॉलरच्या वर गेलं, फिल्मवर शूटिंग, खरे सेट. त्यातल्या काहींवर माझा मनापासून जीव आहे, विशेषतः जेन जेन्सनचं गेब्रियल नाइट २, कारण त्याची गोष्ट खरंच दमदार आहे.

पण यांच्यात सांधे दिसायचे. संवाद निवडायची वेळ आली की समोरचा कलाकार एका छोट्या लूपमध्ये श्वास घेत उभा, तुम्ही पर्याय दाबला की डोकं एकदम दोन इंच सरकतं आणि तो बोलायला लागतो, तोही असा की तुम्ही याआधी चार वेळा हेच विचारलंय हे त्याच्या गावीच नाही. कपाटावर क्लिक केलं तर पात्र उठून चालत जाणार, कपाट उघडणार, आणि दहाव्यांदा क्लिक केलं तरी तोच चालत जाण्याचा व्हिडिओ पूर्ण बघायचा. शिवाय बनवणाऱ्यांसाठी तर हे फारच जाचक, गेम खेळून बघितल्यावर कळलं की अमुक कोडं कंटाळवाणं आहे आणि तिथे एक वाक्य बदलायला हवं, तर सेट मोडलेला, कलाकार निघून गेलेला, परत शूटिंगचे पैसे नाहीत. थ्रीडीमध्ये तेच पात्र आज रात्री बदलून उद्या परत तपासता येतं. म्हणून प्लेस्टेशन आलं, १९९६ मध्ये थ्रीडीतलं सुपर मारिओ ६४ आलं आणि खेळणाऱ्याच्या बोटाच्या प्रत्येक हालचालीला उत्तर देणारं जग समोर उभं राहिलं, तेव्हा एफएमव्हीला वाचवायला कलाकारांचे चेहरे पुरले नाहीत. डिजिटल पिक्चर्स त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली.

कमांड अँड काँकर या सैन्य चालवायच्या गेमने मात्र छान मार्ग काढला. १९९५ च्या त्या गेममध्ये व्हिडिओ फक्त मिशनच्या आधी-नंतर येतो. जो कुकन, जो ते सीन दिग्दर्शितही करायचा, केन नावाचा खलनायक बनून थेट कॅमेऱ्यात बघून तुम्हाला हुकूम देतो, आणि हुकूम देणाऱ्याला तुमच्या उत्तराची गरजच नसते, त्यामुळे सांधा दिसत नाही. साधी गोष्ट आहे पण बाकी कितीतरी मोठ्या बजेटवाल्यांना सुचली नाही.

२०१५ मध्ये सॅम बार्लोच्या हर स्टोरीने उरलेली अर्धी कल्पना पूर्ण केली. कलाकार एकच, व्हिवा सायफर्ट. समोर पोलिसांचा जुना कॉम्प्युटर, सर्चच्या चौकटीत आधीच टाइप केलेला शब्द 'मर्डर', आणि १९९४ मधल्या चौकशीच्या टेपचे शेकडो तुकडे. तुम्ही शब्द टाकायचा, तो शब्द ती बाई जिथे जिथे बोलली ते तुकडे सापडतात, पण त्यातले पहिले पाचच बघता येतात, बाकीच्यांसाठी आणखी नेमका शब्द शोधावा लागतो. ती एखादं नाव उच्चारते, तुम्ही ते नाव टाकता, तिथून पुढचं दार उघडतं. इथे बाईने तुम्हाला उत्तर द्यावं अशी अपेक्षाच नाही, ही टेप आहे, ती घडून गेलेली आहे, आणि हलतंय ते तुमचं डोकं! धूसर चित्र, चौकशीच्या खोलीतला एकच अँगल, सगळं गोष्टीत बसतं. बार्लोने पुढे टेलिंग लाइज आणि इमॉर्टॅलिटीमध्येही रेकॉर्डिंग उलगडणं हाच खेळ ठेवला. नॉट फॉर ब्रॉडकास्ट हा गेम तर टीव्ही स्टुडिओच्या कंट्रोल रूममध्ये बसवून अनेक कॅमेऱ्यांतला एक निवडायला लावतो, आणि तो खेळताना नाइट ट्रॅपचीच आठवण होते.

फाटे फोडणारा प्रकारही चालूच आहे. नेटफ्लिक्सने २०१८ मध्ये बँडरस्नॅच हा पर्याय निवडत बघायचा सिनेमा आणून तो घराघरात नेला आणि नंतर असे इंटरॅक्टिव्ह कार्यक्रम स्वतःच काढून टाकले, तर २०२३ मध्ये चीनमध्ये लव्ह इज ऑल अराउंड हा अगदी साध्या फाट्यांचा गेम तुफान चालला, कारण त्यात समोरचं माणूस कॅमेऱ्यात, म्हणजे तुमच्या डोळ्यात बघून बोलतं. चेहऱ्याची ओढ कमी झालेली नाही, तेवढ्यावरही गेम खपतो. पण परत परत खेळावासा वाटतो का, तर मला नाही वाटत.

नाइट ट्रॅप २०१७ मध्ये स्वच्छ फुटेजसह परत आला आणि पुढच्या वर्षी निन्टेन्डोच्या स्विचवरही आला, त्याच निन्टेन्डोच्या ज्यांच्या अधिकाऱ्याने १९९३ च्या सुनावणीत आमच्या मशीनवर हा गेम कधीच येणार नाही असं सांगितलं होतं. ज्यांना हा प्रकार पहिल्यांदाच बघायचाय त्यांनी आधी हर स्टोरी खेळा आणि मग हा, १९८७ मधले लोक कुठपर्यंत पोचले होते ते लगेच कळेल.