निळं बाळ आणि दुखरे सांधे: हृदयरोग ओळखण्याची पार्श्वभूमी

नागपुरात ‘मेडिकल’ला, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, गडचिरोली-गोंदियाकडून, पलीकडच्या बालाघाट-छिंदवाड्याहूनही रुग्ण येतात. त्यांच्यातल्या लहान मुलांचे हृदयविकार ढोबळमानाने दोन तऱ्हेचे असतात. काहींच्या हृदयाच्या रचनेतच जन्मापासून दोष असतो. काहींच्या झडपा घशाच्या संसर्गानंतर येणाऱ्या, सांधे सुजवणाऱ्या रुमॅटिक तापाने सुजून पुढे खराब झालेल्या असतात. आता इको, म्हणजे ध्वनिलहरींनी हृदयाचं चित्र दाखवणारी तपासणी, केला की दोन्ही कळतात. पण इको आला 1953 साली, स्वीडनमध्ये. ओळखण्याची विद्या त्याहून बरीच जुनी आहे.

फ्रान्समध्ये लेनेक यांनी 1816 मध्ये स्टेथोस्कोप शोधला. पुढे बुईयो यांनी 1836 मध्ये दाखवून दिलं, की सांधे सुजवणाऱ्या तापात हृदयही धरलं जातं. मार्सेयच्या फालो यांनी 1888 मध्ये रक्तात ऑक्सिजन कमी पडून निळ्या पडणाऱ्या रुग्णांच्या हृदयातले चार दोष एकत्र मांडले. मात्र त्यानंतर अर्धशतकाहून जास्त काळ त्यावर इलाज नव्हता. अशी मुलं खेळता खेळता दम लागला की उकिडवी बसतात. तसं बसल्याने पायांकडचा रक्तप्रवाह अडतो आणि फुप्फुसांकडे जास्त रक्त वळतं. हा उपाय मुलांना कोणी शिकवलेला नसतो, आणि पाहणाऱ्याला तो निदानच सांगून जातो. अमेरिकेतल्या बालहृदयरोगतज्ज्ञ हेलन टाउसिग यांना ऐकू कमी येई. म्हणून मुलांच्या छातीवर हात ठेवून त्या हृदयाचे ठोके तपासत. त्यांची कल्पना, व्हिव्हियन थॉमस यांचे प्रयोग आणि ब्लॅलॉक यांचं ऑपरेशन जुळून आलं आणि नोव्हेंबर 1944 मध्ये निळ्या बाळावर पहिली शस्त्रक्रिया झाली.

त्याच वर्षी डकेट जोन्स यांनी रुमॅटिक तापाच्या निदानाचे निकष मांडले. आपल्याकडे खरी मेख इथेच होती. हा ताप फार पसरलेल्या भागांत तो सौम्य रूपातही दिसतो. एकच सांधा सुजतो, किंवा सूज नसताना सांधे नुसतेच दुखतात. अशी मुलं कडक निकषांतून निसटत. 2015 च्या सुधारणेत भारतासारख्या प्रदेशांसाठी ही लक्षणंही मुख्य मानली गेली आणि बाहेरून न कळणारी झडपेची सूज इकोवर शोधायला सांगितलं गेलं. माझ्या मते ही दुरुस्ती फार उशिरा झाली. घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी गुडघा, मग घोटा दुखायला लागला तर ‘वाढीचं दुखणं’ म्हणून सोडून देऊ नका. निदान वेळेवर झालं तर दर तीन-चार आठवड्यांनी मिळणारं पेनिसिलिनचं इंजेक्शन झडपा वाचवतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये पालघरहून सुरू झाला आणि त्याच्या तपासणी यादीत हे दोन्ही आजार आहेत. त्याचं तपासणी पथक अंगणवाडीत येतं तेव्हा बाळ दूध पिताना थांबतं का, घामाघूम होतं का, वजन वाढतं का, हे आईने आपणहून सांगावं. नवजात बाळाच्या उजव्या हाताला आणि एका पायाला पल्स ऑक्सिमीटर लावला, तर ऑक्सिजन कमी ठेवणारे कित्येक गंभीर दोष घरी जाण्याआधीच पकडता येतात.