ओपन सोर्स प्रकल्प आणि फाउंडेशन यांचा मेळ

एखादा ओपन सोर्स प्रकल्प (म्हणजे ज्याचा कोड कोणालाही पाहता, वापरता आणि बदलता येतो असे सॉफ्टवेअर) ज्या फाउंडेशनच्या, म्हणजे अशा प्रकल्पांना आधार देणाऱ्या संस्थेच्या, छत्राखाली नांदतो, तिथल्या रीतीभातींशी त्याची कामाची पद्धत कितपत जुळते, याचा विचार ‘मेळ’ या संज्ञेत येतो. परवान्याचे प्रश्न बहुधा वकील सोडवतात. खरी कुरबूर होते ती निर्णय कोण घेतो आणि कुठे घेतो यावरून.

अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनमध्ये (स्थापना १९९९) सभासद व्यक्ती असते, कंपनी नव्हे. देणगीदाराला तांत्रिक बाबतीत मत नाही. निर्णय मेलिंग लिस्टवर (प्रकल्पातल्या सर्वांना जाणाऱ्या ई-मेलवर) लेखी होतात आणि मतदान साधारणपणे किमान ७२ तास खुले ठेवतात. नागपूरकराला या ७२ तासांचे मोल पटकन कळते. कॅलिफोर्नियात सकाळी दहाला बैठक ठेवली, की परसोडीच्या आयटी पार्कातल्या अभियंत्याच्या घड्याळात उन्हाळ्यात रात्रीचे साडेदहा आणि हिवाळ्यात साडेअकरा वाजलेले असतात. लेखी चर्चेत तो दुसऱ्या दिवशी डबा खाऊन झाल्यावरही हरकत नोंदवू शकतो. अर्थात नियम त्यालाही लागू: एकाच कंपनीतल्या तिघांनी तर्री-पोहे खाता खाता काही ठरवले, तरी ते लिस्टवर मांडून इतरांना बोलायला वाव दिल्याशिवाय प्रकल्पाचा निर्णय होत नाही. झटपट काम उरकणाऱ्या मंडळींना हे जाचक वाटते, आणि त्यात नवल नाही.

बाहेरून आलेले प्रकल्प अपाचे २००२ पासून ‘इन्क्युबेटर’मध्ये पारखते. नुसता कोड चांगला असून भागत नाही. एका कंपनीने हात काढून घेतला तर प्रकल्प तग धरेल का, हेही पाहिले जाते. कॅसँड्रा हा डेटाबेस प्रकल्प तर अपाचेत केव्हाच मुरलेला होता. तरी २०१६ मध्ये त्यावर डेटास्टॅक्स कंपनीचा वरचष्मा असल्याचा आक्षेप संचालक मंडळाने घेतला आणि कंपनीने आपला सहभाग कमी केला.

लिनक्स फाउंडेशनची रीत वेगळी. तिथे कंपन्या वर्गणी भरतात आणि बड्या वर्गणीदारांना संचालक मंडळात जागा मिळते. अनेक कंपन्यांचे हितसंबंध गुंतलेल्या कुबरनेटिससारख्या (अनेक सर्व्हरांवर सॉफ्टवेअर चालवणाऱ्या) प्रकल्पाला हे मानवते.

मेळ बसला नाही तर बाहेर पडता येते, पण कोड घेऊन. नाव बहुधा मागेच राहते. कोडची बांधणी आणि चाचणी आपोआप करणारा हडसन हा प्रकल्प सोडून निघालेल्यांनी २०११ मध्ये जेन्किन्स हे नाव घेतले. हडसन हे नाव ओरॅकल कंपनीकडे राहिले आणि पुढे एक्लिप्स फाउंडेशनकडे गेले. वापरणारे मात्र बहुतांशी जेन्किन्सच्या मागे गेले.