शवागारातला डॉक्टर आणि लॅबमधला वैज्ञानिक: दोघेही 'फॉरेन्सिक'वाले, पण कामं वेगळी

मामा गेले तेव्हा घरात एकटेच होते. दूधवाल्यानं दोनदा बेल वाजवली, मग शेजाऱ्यांना हाक मारली. आजारपण नव्हतं, कुठल्या डॉक्टरांचे उपचार चालू नव्हते, त्यामुळे मृत्यूचा दाखला द्यायला नेहमीचे डॉक्टर तयार झाले नाहीत आणि ते बरोबरच होतं. पोलीस आले, अकस्मात मृत्यूची नोंद झाली, पंचनामा झाला, शवविच्छेदन झालं. हाती आलेल्या कागदावर मृत्यूच्या कारणापुढे लिहिलं होतं: मत राखून ठेवले आहे, व्हिसेरा (मृताच्या अवयवांचे नमुने) रासायनिक तपासणीसाठी जतन केला आहे.

मामेबहीण, माझी ताई, तो कागद हातात धरून म्हणाली, "अरे, फॉरेन्सिकच्या डॉक्टरांनीच तर पोस्टमॉर्टम केलं ना? मग आता परत फॉरेन्सिककडे कशाला पाठवतायत?"

मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. तरी त्या क्षणी मला तिला दोन वाक्यांत नीट सांगता आलं नाही. तेव्हा तिला सांगायचं राहिलं ते आता सविस्तर लिहितो आहे. हाच घोळ माझ्या वर्गातल्या मुलांच्या डोक्यातही दर वर्षी दिसतो. "सर, मला फॉरेन्सिकला जायचंय" असं मुलं म्हणतात, आणि कुठल्या फॉरेन्सिकला असं विचारलं की गप्प होतात.

ताई आणि मी एके काळी 'सीएसआय: मायामी' न चुकता बघायचो. अमेरिकेत ही मालिका सप्टेंबर २००२ ते एप्रिल २०१२ अशी दहा सीझन चालली, २३२ भाग झाले. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरचं ऊन, निळं पाणी, आणि काळा चष्मा डोळ्यांवर चढवत अर्धं वाक्य टाकणारा होरेशिओ केन. ही भूमिका डेव्हिड करुसोनं केली होती. चित्रीकरणाचा मोठा भाग खरं तर कॅलिफोर्नियात झाला होता, हे आम्हाला फार उशिरा कळलं. पण ताईला होरेशिओपेक्षा डॉ. अ‍ॅलेक्स वूड्स आवडायची. कँडी अलेक्झांडरनं रंगवलेली ही मेडिकल एक्झामिनर मृतदेहाशी बोलायची, आई आजारी लेकराशी बोलते तशी. मृताचा मान राखण्याची ती रीत माझ्याही मनात घर करून राहिली आहे.

त्या मालिकेत अ‍ॅलेक्सचं काम वेगळं आणि कॅली ड्युकेनचं वेगळं. अ‍ॅलेक्स देह तपासते, गोळी काढून देते. कॅली ती गोळी सूक्ष्मदर्शकाखाली धरून कुठल्या पिस्तुलातून सुटली ते सांगते. म्हणजे डॉक्टर आणि वैज्ञानिक हा फरक मायामीनं पाळला होता. मोडला तो दुसराच फरक. तिथे लॅबमधलेच लोक बंदूक लावून दार तोडतात, संशयिताला खुर्चीत बसवून प्रश्न विचारतात आणि शेवटी बेड्याही घालतात. पोलीस आणि वैज्ञानिक एकाच अंगरख्यात.

आपल्याकडच्या 'सीआयडी'नं नेमकं उलटं केलं. १९९८ साली सुरू झालेली बी. पी. सिंग यांची ही मालिकाही समुद्राकाठच्या शहरातली, मुंबईतली. तिथे एसीपी प्रद्युम्न आणि त्यांची माणसं पोलीस आहेत, पोलीसच राहतात. पण डॉ. साळुंखे मात्र एकाच खोलीत मृतदेहही तपासतात आणि दोन पावलांवरच्या टेबलावर परीक्षानळीत विषही ओळखतात. दोन माणसांचं, दोन खात्यांचं काम एका पांढऱ्या कोटात. ताईचा प्रश्न मायामीतून आला नव्हता, तो साळुंख्यांच्या खोलीतून आला होता.

पुण्यात या दोन कामांच्या जागाही वेगळ्या आहेत. शवविच्छेदन होतं ते ससूनमध्ये, स्टेशनजवळ, बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या न्यायवैद्यकशास्त्र विभागात. इतर काही सरकारी रुग्णालयांतही होतं. प्रयोगशाळा आहे गणेशखिंडीत, विद्यापीठाच्या बाजूला. तिचं अधिकृत नाव प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा. मुख्यालय मुंबईत कलिन्याला, आणि सगळा कारभार गृह विभागाखाली. ससूनचे डॉक्टर गृह विभागाचे नाहीत, ते वैद्यकीय शिक्षणाकडचे. न्यायवैद्यक आणि न्यायसहायक, हे दोन मराठी शब्द फार नेमके आहेत. आपण दोन्हींना सरसकट 'फॉरेन्सिक' म्हणतो आणि तिथेच गल्लत होते.

न्यायवैद्यक म्हणजे कायद्याच्या कामी येणारं वैद्यकशास्त्र. इथला माणूस आधी डॉक्टर आहे. त्याच्यासमोर देह असतो, आणि दर वेळी तो मृतच असतो असंही नाही. मारहाणीत जखमी झालेल्याचं प्रमाणपत्र, लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची तपासणी, वय ठरवणं ही कामंही त्याच्याकडेच येतात. मृतदेह आला तर त्याला उत्तर द्यायचं असतं: मृत्यू कशानं झाला, साधारण केव्हा, जखम जिवंतपणीची की नंतरची. 'केव्हा' हे मालिकेत घड्याळ लावल्यासारखं सांगतात. प्रत्यक्षात देह कडक होणं, थंड होणं, रक्त खालच्या बाजूला साकळणं यांवरून तासांचा एक पट्टा सांगता येतो. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात तर ताठरपणा लवकर येतो आणि लवकर जातो, बाहेरची हवाच देहाइतकी तापलेली असेल तर थंड होण्यावर फारसं विसंबता येत नाही, आणि तो पट्टा रुंदावतो. चांगला डॉक्टर तो उगाच अरुंद करून सांगत नाही.

न्यायसहायक म्हणजे न्यायाला साह्य करणारं विज्ञान. इथला माणूस रसायनशास्त्राचा, जीवशास्त्राचा किंवा भौतिकशास्त्राचा पदवीधर असतो, डॉक्टर नव्हे. त्याच्यासमोर देह कधीच येत नाही. त्याच्याकडे येते लाखेनं मोहोरबंद केलेली बरणी किंवा पुडकं, वर नंबर, सोबत पोलिसांचं पत्र. विष, रक्त, डीएनए, बंदुकीची गोळी, आवाजाची टेप, मोबाइल, दारूबंदीतल्या बाटल्या हे सगळं वेगवेगळ्या विभागांत जातं. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याचं रक्तही इथेच येतं. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल सापडलं तर मोटार वाहन कायद्याच्या १८५ कलमाखाली गुन्हा होतो. रक्त काढलं डॉक्टरनं, मोजलं वैज्ञानिकानं.

ठशांचं थोडं निराळं आहे. मायामीत बोटांचे ठसे लॅबच्याच संगणकावर जुळतात. महाराष्ट्रात मात्र ठसे ना डॉक्टरकडे, ना गणेशखिंडीच्या लॅबकडे. अंगुली मुद्रा केंद्र राज्य गुन्हे अन्वेषण विभागाचं, आणि त्या खऱ्या सीआयडीचं मुख्यालय मुंबईत नसून आपल्या पुण्यात आहे.

आता मामांच्या बरण्यांकडे येतो, कारण फरक नीट दिसतो तो त्यांच्या प्रवासात. शवविच्छेदनात डॉक्टर पोट व त्यातला ऐवज, लहान आतड्याचा तुकडा, यकृताचा भाग, प्लीहा, दोन्ही मूत्रपिंडांचे अर्धे भाग काढून ठेवतात. हाच व्हिसेरा. तो मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात, आपल्या साध्या खायच्या मिठाच्या. फॉर्मलिनमध्ये ठेवत नाहीत, कारण फॉर्मलिननं ऊती घट्ट होतात आणि मग त्यातून विष वेगळं काढणं अवघड जातं. पण हृदयाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा असेल तर तो मात्र फॉर्मलिनमध्येच हवा, आणि तो गणेशखिंडीला न जाता विकृतिशास्त्र (पॅथॉलॉजी) विभागात जातो. एकाच देहातून दोन वाटा फुटतात आणि कुठली बरणी कुठे जायची हे डॉक्टर ठरवतात. वर्गात मी हे सांगतो तेव्हा मुलं पहिल्यांदा ताठ बसतात. मीठ आणि फॉर्मलिन यांतली चूक नंतर कुठलंही यंत्र भरून काढू शकत नाही.

डॉक्टर बरण्या मोहोरबंद करून पोलीस हवालदाराच्या हाती देतात, सोबत मोहोरेचा नमुना. हवालदार त्या लॅबमध्ये जमा करतो. लॅबच्या अहवालात विषाचा शब्द येण्याआधी मोहोरा शाबूत होत्या आणि पाठवलेल्या नमुन्याशी जुळल्या, हे नोंदवलेलं असतं. टीव्हीवर हा भाग कधीच दाखवत नाहीत, कारण त्यात बघण्यासारखं काही नाही. माझ्या लेखी मात्र सगळ्या तपासाचा कणा इथे आहे. मोहोर तुटली तर पुढचं शास्त्र कितीही अचूक असो, न्यायालयात ते लटकं पडतं.

लॅबमध्ये मग रसायनशास्त्र सुरू होतं, माझ्या जिव्हाळ्याचं. ऊतींच्या त्या चोथ्यातून विष वेगळं काढायची वाट बेल्जियमच्या जाँ स्टास यांनी १८५० साली शोधली. खुनाच्या एका प्रकरणात मृताच्या अवयवांतून त्यांनी निकोटिन वेगळं करून दाखवलं. तोवर वनस्पतिजन्य विष देहात गेलं की हरवलं असंच मानलं जात होतं. पुढे ओटो यांनी ती रीत सुधारली आणि 'स्टास-ओटो' हे नाव विषशास्त्रात कायमचं राहिलं. आता जोडीला क्रोमॅटोग्राफीची, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करणारी, यंत्रं आहेत. पण एका नमुन्यात एकच विष शोधायचं नसतं, कीटकनाशकं, झोपेच्या गोळ्या, अल्कोहोल, धातू अशी एकेक शक्यता तपासून बाजूला करायची असते. जाहिरातीच्या मध्यंतरात ते उरकत नाही.

शेवटी जो कागद बाहेर पडतो त्याला आपल्याकडे पोलीस आणि वकील 'सीए रिपोर्ट' म्हणतात, रासायनिक विश्लेषकांचा अहवाल. त्यात लिहिलेलं असतं: अमुक विष आढळलं, किंवा आढळलं नाही. एवढंच. माणूस त्यानं मेला का, हे त्यात नसतं. ते सांगायचा अधिकार लॅबचा नाहीच. तो कागद परत डॉक्टरांसमोर जातो, ते आपल्या शवविच्छेदनाच्या नोंदी, विकृतिशास्त्राचा अहवाल आणि सीए रिपोर्ट शेजारी ठेवून अंतिम मत देतात. पोटात झोपेची गोळी सापडली तरी मृत्यू हृदयविकाराचा असू शकतो. काही सापडलं नाही म्हणून विष नव्हतंच असंही नेहमी म्हणता येत नाही. काही विषं मृत्यूपूर्वीच शरीर मोडून टाकतं किंवा बाहेर टाकतं. म्हणून 'रिपोर्ट आला' असं कुणी म्हटलं तर कुठला ते विचारावं. ताईच्या घरी लॅबचा कागद आल्यावर सगळ्यांना वाटलं, झालं. अजून डॉक्टरांची सही व्हायची होती.

न्यायालयातही दोघांना वेगळी वागणूक आहे. रासायनिक विश्लेषक आणि सरकारी वैज्ञानिकांचा अहवाल त्यांना साक्षीला न बोलावताही पुरावा म्हणून वाचता येतो. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं २९३ कलम, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ३२९. न्यायालयाला वाटलं तर बोलावतं. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरला ही सवलत नाही. समोरच्या बाजूनं अहवाल मान्य केला नाही तर त्याला पिंजऱ्यात उभं राहून उलटतपासणीला तोंड द्यावं लागतं, कधी कधी कित्येक वर्षांनी, फक्त स्वतःच्या नोंदींच्या आधारावर.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या त्याच संहितेनं मायामीच्या जवळ जाणारी एक गोष्ट आणली आहे: सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञानं घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा, राज्यांनी हे पाच वर्षांच्या आत अमलात आणायचं. मला हे मनापासून हवं आहे. घटनास्थळी शंभर पावलं उमटून गेल्यावर गोळा केलेल्या मुद्देमालाचं लॅबनं काय करावं? पण तो तज्ज्ञ चौकशी करणार नाही, अटक करणार नाही, आणि करूही नये. ज्याला आरोपी सापडायची घाई आहे त्यानंच परीक्षानळी हातात धरली तर तिचं उत्तर कसं येईल, ही भीती साधी आहे आणि खरी आहे.

मे २०२४ मध्ये कल्याणीनगरच्या अपघातानंतर पुण्यानं हे फार जवळून पाहिलं. एका रुग्णालयात घेतलेला रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप झाला, आणि पोलिसांनी सांगितलं की तो नमुना गाडी चालवल्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलाचा नव्हता हे डीएनए तपासणीतून समोर आलं. दोष कुणाचा ते न्यायालय ठरवेल. पण नमुना घेणारा आणि तपासणारा वेगळा होता, दोघांचं छप्पर वेगळं होतं, म्हणूनच प्रश्न तरी उभा राहू शकला.

माझ्या मुलांसाठी हे वेगळेपण अकरावीतच सुरू होतं. अ‍ॅलेक्स व्हायचं असेल तर जीवशास्त्र, 'नीट' प्रवेश परीक्षा, एमबीबीएस आणि मग न्यायवैद्यकात तीन वर्षांचं एमडी. कॅली व्हायचं असेल तर विज्ञानाची पदवी पुरते, डॉक्टर व्हावं लागत नाही; मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासनाच्या न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. होरेशिओ व्हायचं असेल तर पोलीस उपनिरीक्षकाची परीक्षा. तिन्ही एकत्र कुठेच मिळत नाहीत. गेल्या वर्षी एक मुलगी हे ऐकून थोडी हिरमुसली, मग दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "सर, मला बरण्याच हव्यात."

अशा कागदाची वाट बघणाऱ्या घरांसाठी एक सांगतो. लॅबच्या दारात जाऊन उपयोग नसतो, अहवाल घरच्यांच्या हाती देत नाहीत. तो पोलीस ठाण्यात येतो. तपास अधिकाऱ्याला अकस्मात मृत्यूचा नोंद क्रमांक सांगून विचारावं, आणि सीए रिपोर्ट आला असेल तर तो अंतिम मतासाठी डॉक्टरांकडे पाठवला का, हा दुसरा प्रश्न लगेच विचारावा.

ताईनं तो दुसरा प्रश्न विचारला. मामांच्या सीए रिपोर्टमध्ये कुठलंही विष आढळलं नव्हतं. हृदयाचा जो तुकडा फॉर्मलिनमधून दुसऱ्या वाटेनं गेला होता, त्यात रक्तवाहिनी अडल्याच्या खुणा होत्या. अंतिम मताच्या कागदावर एकच ओळ होती. ताईनं ती दोनदा वाचली आणि म्हणाली, "म्हणजे रात्री झोपेतच गेले असतील ना रे?" ते मात्र दोघांपैकी कुणीच लिहिलेलं नव्हतं.