वेबरचा 'लोखंडी पिंजरा' मुळात पिंजरा नव्हताच

'नोकरशाही म्हणजे लोखंडी पिंजरा, असं माक्स वेबर म्हणाला' हे वाक्य समाजशास्त्राच्या नोट्समध्ये वर्षानुवर्षं फिरतंय. ते दोनदा चुकतं. या जर्मन समाजशास्त्रज्ञाच्या १९०४-०५च्या मूळ जर्मन निबंधात (प्रोटेस्टंट नीती आणि भांडवलशाहीची वृत्ती यांच्यावरच्या) शब्द आहेत 'श्टालहार्टेस गेहॉयजे', म्हणजे पोलादासारखं कठीण कवच. पिंजरा आला तो अमेरिकन समाजशास्त्रज्ञ टॅल्कट पार्सन्सच्या १९३०च्या इंग्रजी भाषांतरातून. शिवाय तिथे विषय नोकरशाहीचा नाही, भांडवली अर्थव्यवस्थेचा आहे.

निबंधात वेबर प्युरिटन (कडक शिस्तीच्या इंग्रज प्रोटेस्टंट पंथाचा) धर्मोपदेशक रिचर्ड बॅक्स्टरचा दाखला देतो. त्याच्या मते ऐहिक वस्तूंची काळजी खांद्यावरच्या पातळ अंगरख्यासारखी असावी, वाटेल तेव्हा काढून टाकता येईल अशी. नियतीने त्याच अंगरख्याचं कवच केलं, असं वेबर लिहितो. पिंजऱ्यात दुसरा कुणी कोंडतो. हे आपणच पांघरलेलं! भाषांतरात नेमकं हेच हरवलं, याचं मला फार वाईट वाटतं. खनिज इंधनाचा शेवटचा साठा जळेपर्यंत कदाचित ही व्यवस्था माणसाचं जगणं ठरवत राहील, असंही त्याने तिथेच म्हटलंय.