विनोदी मोनोलॉग, ब्रिटिश

रंगमंचावर एकट्या नटाने, बहुधा पियानोच्या साथीवर पण न गाता, गंभीर चेहऱ्याने म्हणायची विनोदी पद्यकथा. ब्रिटनमध्ये म्युझिक हॉल नावाची जी करमणूकगृहे होती, तिथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पद्ये म्हणून दाखवण्याची ही प्रथा रुळली. १९३०च्या दशकात ग्रामोफोन आणि रेडिओमुळे ती घरोघरी पोचली. मोनोलॉग म्हणजे खरे तर कोणतेही एकट्याचे भाषण, पण त्या रंगमंचाच्या बोलीत हा शब्द या पद्यप्रकारालाच लावला जाई. मराठीत एकपात्री म्हटले की दोन तासांचा प्रयोग डोळ्यांपुढे येतो. हा प्रकार तीन-चार मिनिटांत आटोपतो.

गंमत अशी की मूळ मोनोलॉग विनोदी नव्हताच. तो रडवण्यासाठी होता. जॉर्ज सिम्सच्या १८७७ मधील प्रसिद्ध पद्यात निराधार गरिबांना ठेवण्याच्या वर्कहाउसमध्ये नाताळचे जेवण चालू असताना एक म्हातारा उठतो आणि आदल्या नाताळात आपली बायको उपाशी कशी मेली ते विश्वस्तांना ऐकवतो. मिल्टन हेझच्या १९११ मधील पद्यात काठमांडूच्या उत्तरेला एका पिवळ्या मूर्तीचा हिरवा डोळा चोरणाऱ्या अधिकाऱ्याची शोकांतिका आहे. अशी पद्ये लंडनची रेनल्ड्स कंपनी छापून विकत असे. खाली पियानोचे स्वर, वर शब्द, आणि शब्दांना चाल नाही. हौशी मंडळी ती विकत घेऊन घरच्या बैठकीत म्हणत. एवढ्यांदा म्हटली गेलेली गोष्ट विडंबनापासून सुटत नाही. बिली बेनेट हा नट ढगळ ड्रेससूट आणि खाली सैनिकी बूट घालून येई, स्वतःची ओळख ‘जवळजवळ सभ्य गृहस्थ’ अशी करून देई आणि हेझच्या पद्यातल्या हिरव्या डोळ्याचा हिरवा टाय आणि पिवळ्या देवाचा पिवळा कुत्रा करून टाकी. इंग्रजीत ‘आय’चा ‘टाय’ एका ध्वनीने होतो आणि ‘गॉड’ची अक्षरे उलटी लावली की ‘डॉग’ होतो. मराठीत त्यातले काहीच उरत नाही.

या प्रकाराला घाट दिला तो स्टॅनली हॉलोवे (१८९०–१९८२) आणि मॅरियट एजर (१८८०–१९५१) या जोडीने. दोघांच्या पद्यांची बोली उत्तर इंग्लंडची, लँकशरची. प्रत्यक्षात हॉलोवे लंडनकडचा आणि एजरचा जन्म स्कॉटलंडचा. सुरुवात हॉलोवेने स्वतः लिहिलेल्या, सॅम स्मॉल या सैनिकाच्या पद्यापासून झाली. वॉटर्लूच्या लढाईआधी कवायतीत अधिकाऱ्याच्या धक्क्याने सॅमची बंदूक खाली पडते. ‘ज्याने पाडली त्याने उचलावी’ म्हणून सॅम हटून बसतो, आणि खुद्द ड्यूक ऑफ वेलिंग्टनने येऊन गोडीत सांगितल्यावरच ती उचलतो. मग एजर लिहू लागला आणि हॉलोवे म्हणू लागला.

एजरचे १९३२ मधील अल्बर्ट आणि सिंहाचे पद्य हा या प्रकाराचा नमुनाच. रॅम्सबॉटम कुटुंब ब्लॅकपूलला समुद्रावर जाते. लाटा अगदीच बारक्या, जहाज फुटलेले नाही, कोणी बुडालेले नाही, म्हणजे पाहण्यासारखे काहीच नाही. म्हणून ती मंडळी पैसे भरून प्राणिसंग्रहालयात शिरतात. अल्बर्टच्या हातात घोड्याच्या तोंडाची मूठ असलेली काठी. ती तो वॉलेस नावाच्या निपचित सिंहाच्या कानात खुपसतो आणि सिंह त्याला अख्खा गिळतो. बापाला वाईट वाटते ते पोराच्या अंगावर चांगले कपडे होते म्हणून. रखवालदार विचारतो, खाल्ला तो तुमचाच मुलगा कशावरून? बाप पडलेली टोपी दाखवतो. मॅनेजर पाकीट काढून म्हणतो, मिटवायला किती देऊ? बाप विचारतो, एरवी किती देता? पुढच्या एका पद्यात विम्याचे पैसे हातात पडायच्या बेतात असताना अल्बर्ट घरी परत येतो, हे ओघानेच आले.

सगळी मेख इथे आहे. प्रसंग भयंकर, माणसे हिशेबी आणि सांगणारा निर्विकार. एजरच्याच दुसऱ्या एका पद्यात बायबलमधल्या नोहाला महापुरातून वाचण्यासाठी बांधायच्या तारूला लाकूड हवे असते आणि सॅम नावाचा कारागीर फुटाला तीन हाफपेनीच्या खाली येत नाही. पाणी चढत जाते, भाव उतरत नाही. या नाण्यांचा अंदाज नसेल तर विनोद अर्धा जातो. १५ फेब्रुवारी १९७१ पर्यंत ब्रिटनमध्ये १२ पेन्सचा शिलिंग आणि २० शिलिंगांचा पौंड होता. तीन हाफपेनी म्हणजे दीड पेनी, पौंडाचा एकशेसाठावा भाग. आपल्याकडे आणे-पै मोजलेल्या पिढीला हे समजवावे लागत नाही.

बांधणी चार ओळींच्या कडव्यांची. दर ओळीत तीन ठोके, म्हणजे जोर पडणारी अक्षरे, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये सहसा दोन हलकी अक्षरे. पहिली आणि तिसरी ओळ बहुधा हलक्या अक्षरावर संपते, दुसरी आणि चौथी ठोक्यावर, आणि यमक फक्त या दोघींचे. आपल्या वृत्तांत लघु-गुरूचा काळ मोजतात, इथे आघात मोजायचा असतो. म्हणून एखादे हलके अक्षर वाढले किंवा गळले तरी चालते, ठोका चुकून चालत नाही. तीन ठोक्यांनंतर कान चौथ्याची वाट पाहतो आणि तो येत नाही. ही रिकामी जागा नटाची. हशा तिथे येतो, पुढची ओळ हशा ओसरू लागला की उचलायची, पूर्ण थांबू द्यायचा नाही. १० इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम ३ मिनिटे मावत, त्यामुळे ध्वनिमुद्रणात ही जागा फार ताणता येत नसे. नाट्यगृहात ती दुप्पट होई.

म्हणताना बिघडते ते बहुधा चार ठिकाणी. पहिले, ठोके जोरात आपटले की शाळेतल्या कवितेसारखा हेल येतो आणि अर्थ मागे पडतो. वाक्य बोलल्यासारखे बोलायचे, ठोका आपोआप लागतो. दुसरे, यमकाच्या शब्दाआधी थांबणे. श्रोत्यांना तो शब्द आधीच सुचतो आणि नट उशिरा पोचतो. थांबायचे ते यमकानंतर. तिसरे, उसनी बोली. लँकशरचे स्वर अर्ध्यावर सुटले की पुढे कोणी गोष्ट ऐकत नाही, सगळे चूक ऐकतात. त्यापेक्षा स्वतःच्या बोलीत म्हणावे. चौथे आणि सर्वांत घातक, स्वतः हसणे. पियानोवाला बोलण्याखाली दोन-चार स्वर घोळवत राहतो. त्याने शब्दांवर चढू नये, एवढीच अपेक्षा.

याला समांतर चाललेला प्रवाह निरर्थ पद्याचा. एडवर्ड लिअरच्या १८४६ च्या पुस्तकाने पाच ओळींचा, ३-३-२-२-३ ठोक्यांचा प्रकार लोकप्रिय केला. त्याला लिमरिक हे नाव मागून पडले. लिअर १८७३ ते १८७५ हिंदुस्थानात फिरत होता. त्याचे एक पद्य १८७४ मध्ये मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त आले. त्यात नायिका संध्याकाळचा तारा पाहायला ‘धोबी’वर बसते आणि शेवटी ‘कमरबंद’ नावाचे अक्राळविक्राळ जनावर तिला गिळते. साहेबाच्या घरात रोज कानावर पडणारे शब्द त्याने अर्थ काढून घेऊन केवळ नादासाठी वापरले आहेत. इंग्रजी वाचकाला ते निरर्थ वाटतात. मराठी वाचकाला मात्र धोबी दिसतोच, म्हणून आपल्याला हे पद्य जास्त हसवते.

या प्रवाहाचा विसाव्या शतकातला वारस अहमदनगरचा. स्पाइक मिलिगन १६ एप्रिल १९१८ रोजी तिथे जन्मला. वडील ब्रिटिश सैन्यात, बालपणाचा काही काळ पुण्यात. १९५१ ते १९६० चाललेल्या ‘गून शो’ या बीबीसीच्या रेडिओ कार्यक्रमाचा तो प्रमुख लेखक. १९५९ च्या त्याच्या बालपद्यांच्या पुस्तकातले ‘निंग नँग नाँग’ १९९८ मध्ये ब्रिटनचे सर्वांत आवडते विनोदी पद्य म्हणून निवडले गेले. त्यात गायी ‘बाँग’ करतात, माकडे ‘बू’ म्हणतात. कथा नाही, नुसते घंटेसारखे टोल.

म्युझिक हॉल बंद पडत गेल्यावर हे पद्य दूरचित्रवाणी आणि लोकसंगीताच्या क्लबांत गेले. पॅम एअर्स १९७५ मध्ये ‘ऑपॉर्च्युनिटी नॉक्स’ या स्पर्धेतून पुढे आली. दातांची निगा न राखल्याचा पश्चात्ताप तिने बर्कशरच्या ग्रामीण हेलात मांडला. सॅलफर्डच्या जॉन कूपर क्लार्कने पंक बँडांच्या आधी उभे राहून पद्ये अतिवेगाने म्हटली. तिथे रिकामी जागाच नाही, हशाला मागून धावत यावे लागते. एजरच्या सर्वांत जवळ राहिला तो मँचेस्टरचा लेस बार्कर, पूर्वाश्रमीचा हिशेबनीस. त्याच्या एका पद्यात टायटॅनिक बुडाल्यावर एक पांढरे अस्वल कंपनीकडे चौकशीला येते: हिमनगाची काही खबर आहे का, माझे कुटुंब त्यावर होते.

मराठीत आणताना अडचण आघाताची नाही, ती मात्रांनी निभावता येते. अडचण यमकाची आहे. इंग्रजीत यमके दुर्मीळ, म्हणून ओढूनताणून जुळवलेले यमक हसवते. आपल्याकडे ‘गेला–मेला–केला’ हाताशीच असतात, त्यांचे कोणाला कौतुक वाटत नाही. क्रियापद ओळीच्या शेवटून हलवून तिथे नाम बसवले, तर थोडी धार येते. जाहीर प्रयोगासाठी हक्कांचेही पाहावे लागते. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, ब्रिटनमध्ये ७० वर्षे हक्क टिकतो. त्यामुळे एजरची पद्ये दोन्हीकडे मोकळी झाली आहेत, हॉलोवेचा सॅम अजून नाही.