चारही चाकांना ताकद, पण जमीन किती पकड देते?

मनालीहून स्पितीला निघालं की ग्रांफूपासून बातालपर्यंतचा रस्ता चंद्रा नदीच्या काठाकाठाने जातो. तिथे गोटे आहेत, सैल खडी आहे, मधूनच रस्त्यावरून वाहणारे नाले आहेत. पुढे कुंझुम ला ही खिंड, साधारण ४,५५० मीटर उंच. पुणे-मुंबई-नाशिकहून स्वतःची गाडी घेऊन तिकडे जाणारे आता पुष्कळ आहेत, आणि निघण्याआधी सगळ्यांचा एकच प्रश्न असतो: फोर बाय फोर लागेल का?

अशा वाटेला थार किंवा जिम्नीसारखी जीपच हवी असं नाही. ऑल व्हील ड्राइव्हची, म्हणजे गरज पडेल तेव्हा चारही चाकांना ताकद देणारी, चांगली क्रॉसओव्हर (साध्या मोटारीच्याच सांगाड्यावरची उंच गाडी) पुरते, आणि घरापासून मनालीपर्यंतच्या लांबलचक महामार्गावर ती जास्त सुखाची असते. मात्र ती निवडताना ऑल व्हील ड्राइव्हकडे सगळ्यात शेवटी बघावं असं माझं ठाम मत आहे. असं का, ते घर्षणाच्या साध्या हिशेबातून कळतं.

टायर जमिनीला किती जोराने मागे ढकलू शकतो हे दोन गोष्टींवर ठरतं: त्या चाकावर पडलेला भार आणि टायर व जमीन यांच्यातलं घर्षण. इंजिन कितीही दांडगं असलं तरी ही मर्यादा ओलांडली की चाक जागच्या जागी फिरतं. कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.८ च्या आसपास असतो, ओल्या सैल मातीवर तो ०.३ पर्यंत उतरतो. आता अशा मातीचा चढ घ्या. चारही चाकं ओढत असतील तर गाडीचं सगळं वजन कामी येतं आणि १०० मीटर पुढे जाताना ३० मीटर वर चढणं निदान कागदावर तरी जमतं. फक्त पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत वजनातला ६० टक्के भाग पुढे असतो, आणि चढावर त्यातलाही काही मागे सरकतो. तिची मजल १७ मीटरच्या आसपास संपते. म्हणजे फरक खरा आहे, मोठा आहे. पण ऑल व्हील ड्राइव्हने घर्षण वाढत नाही. जमीन जेवढी पकड देते तेवढीच पुरेपूर वापरली जाते, एवढंच. आणि उतारावर तर हा फायदाही नाही, कारण ब्रेक प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतात. चढ आरामात चढलेली गाडी त्याच खडीवर उतरताना इतर कुठल्याही गाडीइतकीच घसरते.

रोजच्या वापराच्या गाडीत ही सोय आली ती बर्फामुळे. जपानच्या ईशान्य भागातल्या तोहोकू वीज कंपनीला हिवाळ्यात फिरायला जीपपेक्षा आरामशीर वाहन हवं होतं. त्या मागणीतून सुबारूने काम सुरू केलं आणि १९७२ साली लिओने ही चारचाकी ओढीची स्टेशन वॅगन बाजारात आणली. आपल्याकडे वॅगन कधी रुजलीच नाही. व्होल्वोची व्ही ९० क्रॉस कंट्री येऊन गेली, पण ती मोजक्या लोकांच्या आवाक्यातली. त्यामुळे आपल्या हिशेबात उरते ती क्रॉसओव्हर.

तिच्या पोटात काय चालतं ते समजून घ्यायला हवं. बहुतेक क्रॉसओव्हर एरवी पुढच्या चाकांवरच चालतात. पुढची चाकं घसरू लागली, किंवा घसरतील असा अंदाज संगणकाला आला, की मागच्या एक्सलजवळचा अनेक चकत्यांचा क्लच आवळला जातो आणि मागे टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, पोचतो. पण प्रत्येक एक्सलवर साधा डिफरन्शियल, म्हणजे वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरांची जोडणी, असतो आणि तो डाव्या-उजव्या चाकांना सारखाच टॉर्क देतो. खड्ड्यात एक चाक अधांतरी झालं की त्या चाकाला फिरायला टॉर्क जवळजवळ लागतच नाही, आणि मग जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच नगण्य टॉर्क मिळतो. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकदम उचललं गेलं, तर ऑल व्हील ड्राइव्ह असूनही गाडी जागची हलत नाही. इथे ट्रॅक्शन कंट्रोल मदतीला येतो. मोकळ्या फिरणाऱ्या चाकाला तो ब्रेक लावतो, त्या चाकाला फिरवायला आता टॉर्क लागतो, आणि त्याच एक्सलवरच्या दुसऱ्या चाकालाही तेवढाच मिळतो. हे व्हायला क्षणभर जातो. नेमक्या त्या क्षणी बरेच जण घाबरून ॲक्सिलरेटर सोडतात. तो हलकासा पण स्थिर दाबून धरायचा असतो.

हा क्लच तापतोही. वाळूत फार वेळ झगडलं तर तो जळू नये म्हणून संगणक तो मोकळा करतो आणि गाडी पुन्हा दोन चाकांवर येते. कोकणच्या पुळणीत गाडी घालू नये याचं हे एक कारण. भरती आणि किनाऱ्यावरचे जीव ही त्याहून मोठी कारणं. सड्यांवरही गाडी नेऊ नये. कातळावरची बोटभर माती टायरने एकदा दबली की तिथली फुलं वर्षानुवर्षं परतत नाहीत. आधीपासून असलेली गाडीवाट सोडू नका, हे मी कळकळीने सांगतो.

आता आधी काय बघायचं? टायर आणि पोटाखालची जागा. ग्राउंड क्लीअरन्सचा कागदावरचा आकडा बहुधा रिकाम्या गाडीचा असतो, पाच माणसं आणि सामान भरलं की तो घटतो. दोन एक्सलमधलं अंतर जास्त असेल तर उंचवट्यावर पोट आधी टेकतं. आणि गाडी पोटावर टेकली की चाकांवरचा भार गेला, भार गेला की पकड गेली. टायरच्या बाबतीत मोठ्या देखण्या रिमचा मोह टाळावा. २१५/६५ आर १६ (मिलिमीटरमध्ये रुंदी, रुंदीच्या किती टक्के भिंत, इंचांत रिम) टायरची भिंत १४० मिलिमीटर उंच असते, २१५/६० आर १७ ची १२९. अणकुचीदार दगडावर रिम वाचतो तो या भिंतीमुळे. स्टेपनी पूर्ण आकाराची आहे का तेही बघा. बारीक स्टेपनीवर बातालहून कुंझुमपलीकडच्या लोसर गावापर्यंत जाणं म्हणजे जिवावरचा खेळ.

नाल्याचा हिशेब तर अंगावर काटा आणणारा आहे. या भागातले नाले वितळत्या बर्फाचे, म्हणून पहाटे उथळ असतात आणि दुपारी फुगतात. पाणी गाडीच्या पोटावर फक्त १० सेंटिमीटर चढलं असं धरा. तळ साधारण ४ मीटर लांब आणि १.७ मीटर रुंद असेल तर ६८० लीटर पाणी बाजूला सारलं जातं, म्हणजे आत पाणी शिरेपर्यंत खालून ६८० किलोंचा उचल. १,३०० किलोंच्या गाडीचं निम्मं वजन गेलं! पाणी अजून नडगीपर्यंतच आहे, पण चाकांची पकड अर्धी झाली आहे आणि प्रवाह बाजूने ढकलतोच आहे. असा नाला सकाळी लवकर ओलांडावा, नाहीतर थांबावं.

उंचीही हिशेबात धरायला हवी. कुंझुमवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जवळपास ६३ टक्के उरते. टर्बो, म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा, नसलेलं इंजिन त्याच प्रमाणात दमतं. १०३ पीएसचं (अश्वशक्तीचं) इंजिन तिथे ६५ च्या आसपास येतं, तेही भरलेल्या गाडीत. टर्बो इंजिनाला हा फटका बराच कमी बसतो.

मारुती ग्रँड व्हिटारा आणि तिची जुळी बहीण टोयोटा हायरायडर ऑल व्हील ड्राइव्हमध्ये मिळाल्या त्या १.५ लीटरच्या, टर्बो नसलेल्या याच ताकदीच्या पेट्रोल इंजिनासह. पोटाखाली २१० मिलिमीटर जागा आहे, मागचा क्लच आवळून ठेवणारा लॉक मोड आहे. सह्याद्रीतल्या मुरमाच्या वाटांना ती उत्तम, स्पितीत मात्र सामान कमी ठेवून आणि धीराने चालवावी लागेल. जीप कंपासचं टर्बो डिझेल उंचीवर कितीतरी जास्त समर्थ आहे, पण किंमतही तशीच. माझा कल जुन्या बाजारातल्या रेनो डस्टर ऑल व्हील ड्राइव्हकडे आहे. २०१४ मध्ये आलेली ही आवृत्ती २०२० च्या बीएस-६ प्रदूषण नियमांबरोबर डिझेल इंजिनासकट बंद झाली. टर्बो डिझेल, उंच भिंतीचे १६ इंची टायर, आणि मुद्दाम खूप आखूड ठेवलेला पहिला गिअर. अगदी हळू पण जोराने चालण्यासाठीचा वेगळा लो-रेंज गिअरबॉक्स नसलेल्या गाडीत हा गिअर फार मोलाचा: दगडांवरून पायाखालचा क्लच न जाळता रांगता येतं आणि उतारावर इंजिनच गाडी धरून ठेवतं.

जुनी गाडी घेताना आधी चारही टायरांची झीज मोजा. पुढच्या-मागच्या टायरांच्या घेरात फरक असेल तर मागच्या एक्सलजवळचा क्लच सतत घासत राहिलेला असतो. मग कोरड्या डांबरावर स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू फिरवा, मागून गुरगुर किंवा हिसके आले तर व्यवहार थांबवा. शेवटी सैल खडीच्या चढावर लॉक मोडमध्ये गाडी थांबवून पुन्हा उचला. बाजूला, सुरक्षित अंतरावर उभ्या असलेल्या माणसाला मागची चाकंही खडी मागे फेकताना दिसली पाहिजेत. फक्त पुढचीच फेकत असतील तर मागचा क्लच, त्याचं वायरिंग किंवा सेन्सर नादुरुस्त आहे आणि विकणारा ऑल व्हील ड्राइव्हचे पैसे फुकटच मागतो आहे.