स्टोन टाउन, झांझिबार : प्रवाळी दगडाची घरे

झांझिबारच्या उंगुजा बेटावरील जुने शहर. स्वाहिली भाषेत त्याला ‘म्जी म्कोंग्वे’, म्हणजे जुने गाव, म्हणतात. टांझानियाच्या किनाऱ्यापासून सुमारे 35 किलोमीटरवर, विषुववृत्ताच्या दक्षिणेस सहा अंशांवर, बेटाच्या पश्चिम अंगाला समुद्रात घुसलेल्या त्रिकोणी भूशिरावर ते वसले आहे. 2000 साली युनेस्कोने त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. संरक्षित क्षेत्र सुमारे 96 हेक्टर आहे. आज उभी असलेली बहुतेक घरे एकोणिसाव्या शतकातली आहेत. स्वाहिली, अरबी, गुजराती आणि शेवटी इंग्रजी अशा बांधणीच्या चार तऱ्हा इथे एकाच गल्लीत भेटतात, असे नेहमी सांगितले जाते आणि ते खरे आहे. मात्र या चारही तऱ्हांना एका माळेत ओवते ते बांधकामाचे सामान. बेटावरचा प्रवाळी दगड, त्याच दगडाचा भाजलेला चुना आणि खाडीतल्या कांदळाचे वासे यांतून घर उभे राहिले आणि त्याचे माप, त्याची हवा, त्याचे आयुष्यही याच तिघांनी ठरवले.

सामान

उंगुजा बेटाचा बराचसा भाग जुन्या, वर आलेल्या प्रवाळखडकाचा आहे. जमीन थोडी खणली की पांढुरका, सच्छिद्र, वेडावाकडा दगड हाती लागतो. हा चिऱ्यासारखा चौकोनी तासता येत नाही. कोकणात जांभ्याचे चिरे एकावर एक रचून भिंत चढवतात. इथे मिळेल त्या आकाराचे तुकडे चुन्याच्या भरपूर मसाल्यात बसवून भिंत अक्षरशः भरली जाते. त्यामुळे तिला जाडी द्यावीच लागते, दीड-दोन फूट आणि खालच्या मजल्यावर त्याहूनही जास्त. एखाद्या पडक्या घराजवळ उभे राहिले की हे उघड दिसते. गिलावा गळून पडलेला असतो, आत मुठीएवढे ते डोक्याएवढे दगड खडबडीत दाटीने बसलेले असतात आणि काही दगडांवर प्रवाळाची मूळची बारीक जाळीदार नक्षी अजून ओळखू येते. एके काळी समुद्रात जिवंत असलेली वस्तू भिंतीत बसली आहे, हे तिथे बोट लावून पाहता येते.

चुनाही त्याच दगडाचा. लाकडांचा मोठा गोल ढीग रचून त्यावर प्रवाळाचे तुकडे टाकायचे, ढीग पेटवायचा, भाजलेला दगड पाण्याने विरवायचा आणि खड्ड्यात बरेच दिवस मुरू द्यायचा. हा चुना वाळू आणि लाल मातीत कालवला की दगडांमधल्या दरजा भरण्याचा मसाला तयार होतो. नुसता चुना भिंतीला गिलावा आणि सफेदीसाठी वापरला जातो.

तिसरी वस्तू म्हणजे ‘बोरिती’, कांदळाचे सरळ वासे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील कांदळवनांतून, विशेषतः रुफिजी नदीच्या मुखाकडून, ते गलबतांनी येत आणि विसाच्या कोडीने विकले जात. अरबस्तान आणि इराणच्या आखातात, जिथे लाकूड दुर्मिळ, तिथेही हेच वासे जात. लाकूड कठीण आणि जड असले तरी कामाला येईल इतका सरळ तुकडा फार लांब मिळत नाही. दोन भिंतींवर टेकवायला अडीच ते तीन मीटरच जमते. स्टोन टाउनमधल्या खोलीची रुंदी त्यामुळे आठ-दहा फुटांवर थांबते, मग घर सुलतानाच्या नातलगाचे असो की मसाल्याच्या दुकानदाराचे. लांबी वाढवता येते, उंची वाढवता येते, रुंदी वाढवता येत नाही. श्रीमंताची खोली म्हणून ओळखू येते ती तिच्या लांबीवरून आणि वर बघायला लावणाऱ्या उंच छतावरून.

वाशांवर दगडाचे तुकडे पसरून त्यावर चुन्याचा जाड थर चोपला की वरच्या मजल्याची जमीन झाली. आपल्याकडच्या चुनेगच्चीचीच ही बहीण. जुन्या घरांचे छप्परही असेच सपाट होते. अरबस्तानच्या कोरड्या हवेत असे धाबे उत्तम चालते. झांझिबारला मात्र मार्च ते मे ‘मसिका’चा मोठा पाऊस आणि ऑक्टोबर ते डिसेंबर ‘वुली’चा छोटा पाऊस असतो. गच्ची झिरपू लागल्यावर लोकांनी तिच्यावर उतरती छपरे चढवली आणि पुढे पत्रे आले. आज उंचावरून शहर पाहिले तर गंजलेल्या पत्र्यांचा तांबूस पसारा दिसतो. मूळचे शहर पांढऱ्या गच्च्यांचे होते.

घर, ओटा आणि गल्ली

अरबी वळणाचे घर बाहेरून जवळजवळ मुके असते. सपाट पांढरी भिंत, तळमजल्यावर मोजक्या गज लावलेल्या खिडक्या आणि एक भव्य दरवाजा. आत गेल्यावर पाहुण्याला थांबवणारी देवडी लागते आणि तिच्यापुढे चौक. खोल्या चौकाभोवती फिरतात आणि प्रत्येक मजल्यावर त्याच्याकडे उघडतात. तळमजला गुदाम, नोकर आणि व्यवहारासाठी. कुटुंब वर राही, कारण वारा वर असतो. जाड भिंती दिवसाचे ऊन आत पोहोचू देत नाहीत आणि तापलेली हवा चौकातून वर निघून जाते. पुण्या-नाशिकच्या वाड्यात वाढलेल्याला ही रचना परकी वाटणार नाही. तिथे सागवानी खांब आणि तुळयांचा सांगाडा वजन पेलतो, इथे सगळा भार भिंतीवर असतो, एवढा फरक.

शेजारच्या नातलगाच्या घरी बायकांना रस्त्यावर न उतरता जाता यावे म्हणून काही गल्ल्यांवर दोन घरे जोडणारे झाकलेले पूल होते. त्यांना ‘विकिओ’ म्हणतात.

व्यापारी गल्ल्यांतले गुजराती घर अरबी घराच्या उलट वागते. ते रस्त्याकडे तोंड करून बसते. पुढे पूर्ण रुंदीचे दुकान, सकाळी फळ्या काढल्या की सगळी दर्शनी बाजू उघडी. मागे आणि वर राहते घर. दुकानाला स्वाहिलीत ‘दुका’ म्हणतात, हा शब्द आपल्या कानाला लगेच ओळखू येतो. वरच्या मजल्याला लाकडी सज्जा, त्याला झडपा आणि कातीव जाळीकाम. कच्छ-काठियावाडचे भाटिया, खोजा, बोहरा व्यापारी हे वळण घेऊन आले. घर रस्त्यावर किती उघडे ठेवायचे, या एका प्रश्नाला दोन समाजांनी दिलेली दोन उत्तरे इथे भिंतीला भिंत लावून उभी आहेत.

घरांच्या बाहेर भिंतीला लागून दगडी कट्टा बांधलेला असतो. त्याचे नाव ‘बराझा’. आपल्या ओट्याचे सगळे गुण त्यात आहेत: त्यावर संध्याकाळी कॉफी होते, सोंगट्या मांडल्या जातात, गावातल्या बातम्या फिरतात, अनोळखी माणसाला घरात न घेता बसवता येते. जोराच्या पावसात गल्लीचा ओढा झाला की याच कट्ट्यांवरून लोक चालत जातात. गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की बऱ्याच ठिकाणी मोटार शिरत नाही आणि दिवसाचा बराच वेळ एका बाजूच्या भिंतीची सावली दुसरीपर्यंत पोहोचते. समोरासमोरच्या उंच घरांनी रस्त्याला दिलेली ही सावली उष्ण कटिबंधातल्या नगररचनेचा मोठा धडा आहे, असे मला ठामपणे वाटते.

दरवाजे

बाहेरची भिंत कोरी ठेवली की घराची सगळी हौस दरवाजावर येते. आधी चौकट आणि दरवाजा बसवायचा आणि मग भोवती घर चढवायचे, अशी पद्धत सांगितली जाते. चौकट जड लाकडाची असते. भारतातून येणाऱ्या सागाला विशेष मान होता. दोन फळ्या, मध्ये फटीवर बसणारी कोरलेली उभी पट्टी, खाली जाड उंबरठा. अरबी दरवाजाची वरची पट्टी सरळ असते आणि तिच्यावर बहुधा कुराणातले वचन कोरलेले असते. आपल्याकडे गणेशपट्टी जिथे बसते, नेमक्या त्याच जागी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वर महिरप, तिच्यात फुलापानांची दाट नक्षी आणि फळ्यांवर पितळी टोकदार गोंडे असलेला दरवाजा पुढे आला. यावर भारतीय कारागिरांचा हात स्पष्ट आहे.

हे गोंडे हत्तींच्या धडकेला अडवण्यासाठी, असे वाटाडे सांगतात. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावरचे खिळे त्याच कामाचे आहेत. झांझिबारमध्ये हत्ती कधी दाराशी येणार नव्हते. भारतातल्या गढ्यांची गरज समुद्र ओलांडून इथे अलंकार झाली. चौकटीच्या कडेने मासे, कमळ, खजुराचे झाड, लाटा आणि साखळी कोरलेली आढळते. साखळी म्हणजे गुलामीची खूण, असाही अर्थ लावला जातो, तर कोणी ती घराच्या सुरक्षिततेची मानतात. नक्षीचे असे एकास एक अर्थ लावताना जपून राहावे.

पैसा कुठून आला

साखळीचा अर्थ काहीही असो, घरांमागचा पैसा लपत नाही. ओमानचा सुलतान सय्यद सईद याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपली राजधानी मस्कतहून इथे हलवली. लवंगेचे मळे, हस्तिदंत आणि माणसांची विक्री यांवर शहर वाढले. मळ्यांत राबणारे आणि बंदरातून विकले जाणारे लोक मुख्य भूमीवरून पकडून आणलेले होते. शांगानी भागात टिपू टिप या गुलामांच्या व्यापाऱ्याचे घर आजही आहे आणि त्याच्या दरवाजाचे सौंदर्य नाकारता येत नाही. गुलामांचा बाजार 1873 साली बंद झाला. त्या जागेवर अँग्लिकन कॅथीड्रल उभे राहिले. या शहराच्या कारागिरीबद्दल लिहिताना ही बाजू तळटीपेत ढकलणे अन्यायाचे आहे. खाडीपलीकडच्या ‘न्गांबो’ भागाचेही तसेच. न्गांबो म्हणजे ‘पलीकडची बाजू’. दगडी शहर ज्यांच्या श्रमावर चालले ते तिथे कुडाच्या, मातीने लिंपलेल्या घरांत राहत. मधली खाडी पुढे बुजवली गेली.

बर्गश आणि मुंबई

सय्यद सईदचा मुलगा बर्गश याने 1859 मध्ये आपल्या सत्ताधारी भावाविरुद्ध उठाव केला, तो फसला आणि इंग्रजांनी त्याला मुंबईला धाडले. दोन वर्षे तो तिथे होता. 1870 मध्ये सुलतान झाल्यावर त्याने झऱ्याचे पाणी नळाने शहरात आणले, हमाम बांधला आणि 1883 मध्ये ‘बैत अल-अजाईब’, म्हणजे नवलाईचे घर, उभारले. आधीच्या सगळ्या घरांचा नियम या इमारतीने मोडला. ओतीव लोखंडाच्या खांबांवर प्रत्येक मजल्याला चहूबाजूंनी रुंद, उघडे सज्जे दिले. वाशाची लांबी आता आड येत नव्हती. विजेचे दिवे आणि लिफ्ट यांसाठीही ती गाजली. 27 ऑगस्ट 1896 रोजी इंग्रजांच्या आरमाराने तासाभराच्या आत राजवाड्याचा परिसर उद्ध्वस्त केला, पण ही इमारत तगली. पुढे तिच्या दर्शनी बाजूला घड्याळाचा मनोरा आला.

मुंबईशी नाते इतरत्रही दिसते. थारिया तोपन या श्रीमंत खोजा व्यापाऱ्याने 1887 मध्ये पायाभरणी केलेला दवाखाना बंदरासमोर आहे. रंगीत काचा आणि लाकडी कातरकामाने भरलेले त्याचे सज्जे पाहताना गिरगाव-भुलेश्वरची जुनी घरे आठवतात. विसाव्या शतकात जे. एच. सिंक्लेअर या इंग्रज अधिकारी-वास्तुकाराने घुमट आणि कमानींचे मिश्र वळण सरकारी इमारतींना दिले. 1925 चे ‘बैत अल-अमानी’ संग्रहालय त्याचेच. या सगळ्याचे जुने रूप आपल्याला माहीत आहे ते मोठ्या प्रमाणात ए. सी. गोम्स यांच्यासारख्या गोवेकर छायाचित्रकारांमुळे. त्यांच्या स्टुडिओंनी गल्ल्या, दरवाजे आणि बंदर टिपून ठेवले.

पडझड आणि दुरुस्ती

जानेवारी 1964 च्या क्रांतीनंतर अरब आणि भारतीय मालकांची अनेक घरे सरकारने ताब्यात घेतली. मालक निघून गेले होते किंवा हाकलले गेले होते. एकेका घरात अनेक कुटुंबे राहू लागली. भाडे नाममात्र, आणि छप्पर कोणाचे हा प्रश्न अनुत्तरित. या घरांना तेच सोसत नाही. गच्चीतून किंवा तुंबलेल्या पन्हळीतून पाणी भिंतीत उतरते. सच्छिद्र दगड ते शोषून घेतो. भिंतीत रुतलेले वाशाचे टोक कुजते, मधला वासा मात्र खणखणीत दिसत राहतो. वासे नुसती जमीन पेलत नाहीत, समोरासमोरच्या भिंतींना ते धरूनही ठेवतात. टोके गेली की भिंत बाहेर फुगते आणि एखाद्या पावसाळ्यात मजल्यांसह खाली येते. सिमेंटचा गिलावा हे आणखी एक दुखणे. तो वरून घट्ट दिसतो, पण आतला ओलावा कोंडतो. चुन्याची भिंत श्वास घेते, सिमेंटखाली ती भुसभुशीत होते.

1985 मध्ये जुन्या शहराच्या जतनासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले. आगाखान ट्रस्टने थारिया तोपनचा दवाखाना दुरुस्त केला आणि त्या कामात चुना विरवणे, मसाला कालवणे, कातरकाम करणे ही विस्मृतीत चाललेली कौशल्ये स्थानिक कारागिरांना पुन्हा शिकवली. सगळ्याच इमारतींचे नशीब तसे नव्हते. 25 डिसेंबर 2020 रोजी दुरुस्ती चालू असतानाच ‘बैत अल-अजाईब’चा मोठा भाग मनोऱ्यासह कोसळला आणि दोन माणसे मृत्युमुखी पडली.

ज्या घरांची दुरुस्ती नीट होते तिथे काम वरून खाली येते: आधी छप्पर आणि पन्हळी, मग वाशांची टोके, शेवटी गिलावा. सरळ आणि जाड बोरिती आता सहज मिळत नाहीत, म्हणून त्यांच्या जागी दुसऱ्या लाकडाच्या तुळया घालतात. त्या लांब मिळू शकतात. खोली मात्र आठ-दहा फुटांचीच राहते, कारण भिंती जुन्याच आहेत.